पिराजीचा सावलीचा डाव

आमच्या पंचक्रोशीत माझ्यासारखी मिशी कुणाला नव्हती. दोन्ही टोकांवर लिंबू ठेवलं तरी पडायचं नाही, असं मी सगळ्यांना सांगायचो. कुणी खरंच लिंबू आणलं की मला तातडीचं काम निघायचं. आणि मी 'नव्हती' म्हणालो, 'नाही' म्हणालो नाही. शिकलेल्या लोकांच्या ते ध्यानात आलंच असेल. बाकीच्यांनी शेवटपर्यंत वाचावं. मलाही उशिराच कळलं होतं.

तर एका गावात एक भोळा गडी होता. गाव आमचंच, मुरडवाडी. गड्याचं नाव पिराजी. अंगानं दांडगा. ज्वारीचं पोतं काखेत मारून टेकडी चढायचा. पण सांगितलं तेवढंच करायचा आणि सांगितलं तसंच करायचा. एकदा त्याच्या आईनं, चंद्राक्कानं सांगितलं, "पिराजी, चुलीवरचं दूध बघ." पिराजी बघत बसला. दूध उतू गेलं, तेही त्यानं नीट बघितलं.

मी गावच्या तालमीचा वस्ताद. कुस्तीचा. पण तालमीत कुणी फिरकेना. सगळा गाव बोटांनी खेळायला लागला. मग मीही वारं बघून पाठ फिरवली. लाल मातीच्या हौद्याशेजारी टीव्ही मांडला, त्याला गेमचा डबा जोडला आणि पाटी तीच ठेवली. पैलवान परत आले. दंड बारीक, अंगठे जाड.

गेम सोपा. हवेत तरंगणारे ओटे. त्यावर दोन गडी. ठोसे, लाथा, उड्या, काय पाहिजे ते करायचं आणि समोरच्याला ओट्यावरून खाली घालवायचं. खाली नुसतं आभाळ. पडला की एक जीव गेला. प्रत्येकाला तीन जीव. शिवाय मधूनच वरून एक मोठा धोंडा पडायचा. धोंड्याच्या आधी त्याची सावली पडायची.

बटणांवर इंग्रजी अक्षरं. मला इंग्रजी येत नाही. मराठीही पोटापुरतं येतं. म्हणून मी देव्हाऱ्यातलं सामान आणून बटणांना खुणा केल्या. उडीला हळद, ठोशाला कुंकू, अंग चुकवायला बुक्का. खेळून उठलेला गडी पूजा सांगून आल्यासारखा दिसायचा.

आता गेम बनवणारे हुशार असतात, पण त्यांच्या हातूनही काही राहून जातं. म्हणजे अमुक वेळी तमुक बटण दाबलं की गडी चालायचं सोडून घसरतो, नाहीतर तोंड एकीकडं आणि जातो भलतीकडं. शहरातली पोरं त्याला ग्लिच म्हणतात. मी खोड म्हणतो. बैलाला खोड असते ना, तसंच. ज्याला बैलाची खोड ठाऊक, त्याचा बैल शर्यतीत पुढं.

ओढ्यापलीकडं टेकवाडी. तिथला वस्ताद दाजीबा. त्यानंही माझं बघून टीव्ही मांडला होता. तो म्हणायचा, मी त्याचं बघून मांडला. त्याची मिशी माझ्यापेक्षा बारीक. हे मात्र कुणालाही विचारा, आता मला सोडून.

भैरोबाच्या जत्रेत दोन्ही गावांची मानाची कुस्ती व्हायची. यंदा कुस्ती करायला दोन्हीकडं कुणी उरलं नव्हतं. पंचांनी ठरवलं, फडातच पडदा लावा, गेम खेळा, हलगी वाजवा. तेव्हा दाजीबा चहाच्या टपरीवर सगळ्यांदेखत म्हणाला, "ज्याचा गडी हरंल त्या वस्तादानं फडातच मिशी उतरवायची. हाय तयारी?"

मी मिशीला पीळ दिला आणि म्हणालो, "तुझ्या मिशीला आजच पीळ देऊन घे, शेवटचाच हाय."

घरी आल्यावर गडी मोजायला बसलो. आमच्यात खेळणारं कोण? सगळे जत्रेला येतो म्हणून शहरात गेलेले. उरला पिराजी. मी म्हटलं, सांगितलं तसंच करणारा माणूस खेळात सोनं. तालमीत बसवला. गड्याचे अंगठे असे चालायचे की बघत राहावं.

पहिल्या दिवशी त्याला घसरायची खोड शिकवली. "पिराजी, चालायचं न्हाई. चालणारा मार खातो. हळद दाबून उडी मारायची, आणि पाय टेकायच्या आत तिरकं होऊन बुक्का दाबायचा. गडी सुळकन घसरत पुढं जातो. ध्यानात ठेव."

"ठेवलं, वस्ताद."

पिराजी घरी गेला. चंद्राक्कानं नुकतंच घर सारवलं होतं. जमीन ओली. ती ताकाचा डेरा घेऊन उभी होती. म्हणाली, "पिराजी, इकडं ये." पिराजीला आठवलं, चालायचं न्हाई. त्यानं उंबऱ्यावरून उडी मारली, तिरका झाला आणि सुळकन घसरत आला. डेरा गेला, ताक गेलं, चंद्राक्का कणगीत बसली.

ती रवी घेऊनच तालमीत आली. मी पिराजीला म्हणालो, "अरं लेका, हे फडातलं. बाहेर माणसासारखं चालायचं. आणि दुसरं कुणी अंगावर सुसाट आलं, तर बाजूला होऊन वाट द्यायची."

"आता ध्यानात ठेवतो, वस्ताद."

दुसरी खोड शिकवली. "शत्रूला पाठ दावायची न्हाई. तोंड त्याच्याकडं ठेवायचं आणि मागं मागं सरकायचं. त्याला वाटतं तू पुढं येतोयस, आणि तू लांब गेलेला असतोस. ध्यानात ठेव."

"ठेवलं, वस्ताद."

त्याच आठवड्यात पिराजीला बघायला पाहुणे आले. पाहुणे म्हणजे कोण? दाजीबा! त्याची पोरगी कोयना लग्नाची. खेळण्यात फड गाजवणारी, टेकवाडीचा गडी म्हणजे तीच. दाजीबाचं म्हणणं असं, की मिशी मिशीच्या जागी आणि सोयरीक सोयरिकीच्या जागी. पिराजीचं घर चांगलं, रान बागायती, डोक्याला ताप नाही. डोक्याला ताप व्हायला आत काहीतरी लागतं, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

दाजीबा अंगणात शिरला. पिराजीला आठवलं, हा तर वस्तादांचा शत्रू. त्यानं तोंड समोर ठेवलं आणि मागं सरकायला लागला.

"अहो जावई, थांबा की!" दाजीबा म्हणाला.

पिराजी हसतोय, मान डोलावतोय आणि मागं जातोय. दाजीबा पुढं, पिराजी मागं. गोठा गेला, गंजी गेली, बांध गेला. शेवटी पिराजी उकिरड्यात छातीपर्यंत उभा. तोंड मात्र पाहुण्यांकडं.

दाजीबा चहा न घेता गेला.

मी म्हणालो, "अरं, पाहुणा आला की जाग्यावर उभं राहायचं. वाकून नमस्कार करायचा. मगच पुढचं काय ते."

"आता ध्यानात ठेवतो, वस्ताद."

तिसरी खोड सगळ्यात जहाल. गडी ओट्यावरून पडता पडता ओट्याची कड धरून लोंबकळू शकतो. पण गेमला खोड अशी, की कडेवर एकालाच जागा. एकानं धरली की दुसऱ्याचे हात तिथं टेकतच नाहीत. तो सरळ खाली. मी सांगितलं, "समोरचा पडून परत यायला लागला की पळत जाऊन कड तू धरायची. धरून नुसतं लोंबकळायचं. त्यानं हात जोडले, पाया पडला, तरी सोडायची न्हाई. ध्यानात ठेव."

"ठेवलं, वस्ताद."

उन्हाळ्याचे दिवस. आमचे सरपंच गावविहिरीत पोहत होते. विहिरीला बाहेर यायला एकच पायरी शाबूत. बाकीच्या दुरुस्तीला मंजुरी मिळाल्याचं सरपंच दर सभेत सांगायचे. पोहून दमले, पायरीकडं आले. पिराजी वर काठावर बसला होता. त्यानं बघितलं, समोरचा परत येतोय. पळत उतरला आणि पायरीला लोंबकळला.

"सरक रं," सरपंच म्हणाले.

"न्हाई सरपंच. कडंवर एकालाच जागा."

"अरं मी बुडंन!"

"व्हय. मग एक जीव जाईल. अजून दोन हायत की."

सरपंचांनी खरंच हात जोडले. हात जोडले की बुडायचे, बुडाले की हात सोडायचे. गाव जमा झालं. मला बोलवायला माणूस आला. मी विहिरीवर गेलो तर सरपंच निळे पडलेले. वर काढल्यावर त्यांनी पहिलं काय केलं? माझ्याकडं बोट दाखवलं. "हा तुमचाच पठ्ठ्या ना, वस्ताद?"

सगळं गाव माझ्याकडं बघायला लागलं. मी काय कच्चा? मी म्हणालो, "छे, छे! कोण पिराजी? हा माझा कुणी न्हाई, मी ह्याचा कुणी न्हाई. ह्यो आपलं माणूसच न्हवं."

पिराजी शेजारी उभा होता. मान डोलावत होता.

गाव पांगल्यावर त्याला बाजूला घेतलं. "लेका, बाहेर असं करायचं न्हाई. दुसरा कडंला आला की आपण कड सोडायची. आधी त्याला जागा, मग आपण."

"आता ध्यानात ठेवतो, वस्ताद."

राहिली शेवटची खोड. ती मी कुणालाच शिकवली नव्हती. वरून धोंडा यायच्या आधी सावली पडते ना? ती सावली तुमच्यावर पडली, की त्याच क्षणी समोरच्याला मिठी मारायची आणि हळद दाबायची. दोघांच्या जागा बदलतात. तुम्ही तिकडं, तो सावलीत. धोंडा त्याच्या टाळक्यात. "सावली दिसली की मिठी, मिठी मारली की उडी. ध्यानात ठेव."

"ठेवलं, वस्ताद."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी पारावर उभा होतो. सरपंच विहिरीतल्या गारठ्यानं शिंकत पारावर बसलेले. वर पिंपळ. समोर जनावरांची पाण्याची कुंडी, त्यात पिराजी म्हैस धूत उभा. ऊन कललं आणि पिंपळाची सावली हळूहळू सरपंचांच्या अंगावर आली. पिराजीनं बघितली. घासणी टाकली. धावत आला, सरपंचांना मिठी मारली आणि उडी मारली. पुढच्या क्षणी सरपंच कुंडीत म्हशीशेजारी आणि पिराजी पारावर सरपंचांच्या जागी.

मी इतका हसलो, की मिशीची दोन्ही टोकं कानाला लागली.

"हसताय काय, वस्ताद!" सरपंच कुंडीतून ओरडले. "बाजूला उभा राहून हसतो त्याला बसवायला पाहिजे हितं!"

मला चेव आला. मी म्हणालो, "पिराजी, सरपंच म्हणत्यात ते बराबर हाय. नुसती सावली पडली म्हणून काय करायचं न्हाई. आपल्या माणसावर खरंच काय पडत असंल, धार बीर येत असंल, तरच डाव टाकायचा. आणि तू मधी जायाचं न्हाई. आपल्या माणसाला उचलायचं आणि बाजूला जो हसत उभा असंल त्याला तिथं बसवायचं. जाम धरून बसवायचं. ध्यानात ठेव."

"ठेवलं, वस्ताद," पिराजी म्हणाला. सरपंच शिंकले.

जत्रा आली. फडात पांढरा पडदा, समोर दोन खुर्च्या. एकीवर कोयना, दुसरीवर पिराजी. बाजूला तिसरी खुर्ची, तिच्यापाशी सलूनवाला सदाप्पा वस्तरा पाजळत उभा. सदाप्पाचा हात म्हणजे काय सांगू, आमच्या भागात तसा नाही. काम करताना तो माणसाचं तोंड बघत नाही. मिशी ठेवायची का काढायची एवढं आधी विचारतो, मग हात चालू.

"काढायची," पंचांनी सांगून ठेवलं होतं.

हलगी वाजली. माझा हात मिशीवर, दाजीबाचा त्याच्या मिशीवर.

पडद्यावर कोयनाचा गडी उलटासुलटा घसरत, तोंड इकडं, चाल तिकडं, असा आला की टेकवाडीकरांनी टोप्या उडवल्या. सगळ्या खोडी तिला पाठ. आणि आमचा? आमचा जाग्यावर उभा. मी ओरडलो, "घसर की रं!"

पिराजीनं मागं वळून सांगितलं, "वस्ताद, पाहुणी हाय." आणि पडद्यावर त्याच्या गड्यानं वाकून नमस्कार केला.

त्याच वेळी कोयनानं उडती लाथ मारली होती. लाथ वाकलेल्या डोक्यावरून गेली. लाथेमागोमाग तिचा गडीही गेला. सरळ ओट्याच्या पलीकडं, आभाळात. एक जीव खलास. फड उभा राहिला. "काय डाव टाकला!" मलाच ठाऊक, तो डाव नव्हता. ती रीत होती.

कोयनानं दात खाल्ले. दुसऱ्या जिवाला लांबून सुसाट घसरत आली. पिराजी बाजूला झाला. वाट दिली. घसरणाऱ्याला मधे थांबता येत नाही, ही त्या खोडीतली खोड. ती गेली पलीकडं. दुसरा जीव खलास. तिचा एकच उरला आणि आमचे तीन! मी दाजीबाकडं बघून मिशीला असा पीळ दिला की डोळ्यात पाणी आलं.

तेवढ्यात पिराजीवर सावली पडली. धोंडा! कोयना अगदी शेजारी. मी घसा फोडून ओरडलो, "मिठी मार! पिराज्या, मिठी!"

पिराजी लाजला. गोरामोरा झाला. म्हणाला, "काय वस्ताद! परक्याची पोर. एवढ्या गावासमोर?"

धोंडा पडला. एक जीव गेला. नव्या जिवाला पिराजीनं परत वाकून नमस्कार केला आणि तिच्या नमस्काराची वाट बघत उभा राहिला. तिनं लाथ घातली. दुसरा गेला. एकाला एक. हलगी थांबली. सदाप्पानं वस्तरा एकदा माझ्याकडं धरून बघितला, एकदा दाजीबाकडं.

शेवटी दोघंही ओट्यावरून पडले. पिराजीनं आधी कड धरली. कोयना मागून कडेकडं येतेय. नुसतं लोंबकळत राहिला तर जिंकला! एवढंच करायचं होतं. मी म्हणालो, "सोडू नको, बाबा, सोडू नको."

"वस्ताद, आधी त्यांना जागा," पिराजी म्हणाला. आणि सोडली.

मी डोळे मिटले. हात मिशीवर ठेवला. निरोपाचा.

पण फड गरजला म्हणून उघडले. झालं असं, की कोयनानं कड धरली, आणि खाली पडणाऱ्या पिराजीचा अंगठा हळदीच्या बटणावर तसाच होता. हवेत मारायची एक उडी अजून शिल्लक होती. गडी खालून ताडकन वर आला आणि त्याचं टाळकं लोंबकळणाऱ्या कोयनाच्या पायांत बसलं. तिची कड सुटली. ती खाली, तो ओट्यावर.

मुरडवाडी जिंकली! मी नाचलो. सरपंचही नाचले, शिंकत शिंकत.

कोयना उठली. मला वाटलं आता ती बटणांचा डबा पिराजीच्या डोक्यात घालणार. तर ती दाजीबाला म्हणाली, "आबा, सोयरीक पक्की करा. स्वतः पडतोय तरी मला जागा देणारा दुसरा कुठं मिळायचा?" पिराजीची बोटं हळदीनं पिवळीधमक. बायका म्हणाल्या, नवरदेव तर तयारच हाय. दाजीबा दिलाचा मोठा. त्यानं पिराजीच्या खांद्यावर हात ठेवला. "पिराजी, आजपासून तू आमचं माणूस आणि आम्ही तुझं."

"ध्यानात ठेवलं, मामा," पिराजी म्हणाला.

मग दाजीबा शब्दाला जागून खुर्चीत बसला. टोपी काढली, डोळे मिटले. सदाप्पानं पाणी लावलं, वस्तरा वर उचलला. वस्तऱ्याची सावली दाजीबाच्या तोंडावर पडली. मी अगदी शेजारी उभा. पोट धरून हसत होतो.

पिराजीनं सावली बघितली. वस्तऱ्याची धार बघितली. आपलं माणूस बघितलं. मग इकडंतिकडं बघितलं, हसतंय कोण.

पुढचं फार लवकर झालं. दाजीबा पोत्यासारखा काखेत वर गेला. मी पोत्यासारखा खुर्चीत आलो. जाम धरलं. "पिराज्या" म्हणायला मी तोंड उघडलं, तर सदाप्पा म्हणाला, "हालू नका." तो तोंड बघत नाही. खुर्चीत मिशी होती, त्यानं काढली. एका हातानं, दोन झटक्यांत. सुंदर काम.

फड असा हसला, की पलीकडं देवळातली घंटा हलली म्हणतात. मला वरचा ओठ उघडा लागत होता. कितीतरी वर्षांनी तिथं वारं लागलं. सरपंच माझ्यासमोर येऊन उभे राहिले, नीट बघितलं आणि पहिल्यांदाच न शिंकता घरी गेले.

मी ओरडलो, "अरं गाढवा! सासऱ्याची मिशी वाचवलीस, आणि माझी? मी तुला खेळायला शिकवलं, मी तुला जिंकवलं! ह्यो दाजीबा आपलं माणूस, मग मी तुझा कोण?"

पिराजीनं दाजीबाला हळूच खाली ठेवलं. पिवळ्या बोटांनी डोकं खाजवलं. मनापासून आठवून बघितलं.

"कुणी न्हाई, वस्ताद," तो म्हणाला. "विहिरीवर तुम्हीच सांगितलं न्हवं का? मी ध्यानात ठेवलंय."